भांड्यांच्या मशीनची खंडेनवमी

आमच्या गल्लीत मला सगळे 'सर' म्हणतात. त्यात आदर आहेच, पण ह्या माणसाच्या हातात पाना-पक्कड देऊ नये अशी एक समजूतही आहे. समजूत रास्त आहे. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकाची शिवण उसवली तर ते कोणाकडे पाठवायचं हे मला नक्की ठाऊक असायचं. शिवण घालायची कशी हे अजूनही ठाऊक नाही. घरातला दिवा गेला तर मी आधी थोडा वेळ अंधारात विचार करतो आणि मग कुमुदला, म्हणजे माझ्या पत्नीला, हाक मारतो. ती स्टुलावर चढते. मी स्टूल धरतो. स्टूल धरण्यात मात्र मी तरबेज आहे.

त्यामुळे खंडेनवमी जवळ आली की मला अवघडल्यासारखं होतं. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्या दिवशी ज्याच्या त्याच्या पाटावर ज्याची त्याची हत्यारं असतात. शेजारचे गणपतराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पाटावर पाने, हातोडे, गाडीचा जॅक आणि तरुणपणी तालमीत फिरवलेली लाकडी करेलांची जोडी, असा सगळा सरंजाम मांडलेला असतो. आमच्या मागच्या घरातल्या लालबींचा मुलगा रफिक मोटारी रिवाइंड करतो. त्याच्या दुकानातल्या यंत्रालाही वडिलांच्या वेळेपासून झेंडूचा हार असतो. आणि माझ्या पाटावर? एक फाउंटन पेन, पुस्तकाची जोडपानं कापायची बोथट सुरी आणि चष्मा. एकदा गणपतराव झेंडूची फुलं द्यायला डोकावले आणि पाटाकडे बघून म्हणाले, "सर, पूजा मांडलीसा व्हय? मग हत्यारं अजून काढायची हायत जनू."

मी "हो, काढायची आहेत" असं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

मागच्या वर्षी मात्र चित्र पालटलं. पाटावर मावणार नाही एवढं मोठं हत्यार आमच्या घरात आलं होतं: भांडी धुवायचं मशीन. कुमुदच्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन दसऱ्यानंतर करायचं ठरलं होतं आणि त्यानंतर बरेच दिवस हात पाण्यात घालायचा नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. पुण्याहून आमच्या मुलीनं, अंतरानं, फोनवरच सगळं ठरवून मशीन पाठवून दिलं. ते आलेलं बघून आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बनाबाईंनी कमरेचा पदर सोडला. "मशीन आनलासा न्हवं? मग त्येलाच सांगा की फरशी पुसायला," असं म्हणून त्या जिना उतरल्या, त्या परत चढल्याच नाहीत.

मशीनबरोबर एक पुस्तक आलं. इथे मात्र मी माझ्या प्रांतात होतो. यंत्राबरोबर येणारं पुस्तक जगात कोणी वाचत नाही, आणि कोणी न वाचलेलं पुस्तक दिसलं की मला राहवत नाही. मी त्याला कव्हर घातलं. पेन्सिलीनं खुणा करत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. भाषा रुक्ष होती, पण लेखक प्रामाणिक वाटला. जे सांगायचं ते दोनदा सांगायचा, आणि धोक्याचं असेल तर चौकटीत सांगायचा. ह्या चौकटींपैकी एक माझ्या विशेष लक्षात राहिली: 'यंत्रावर कोणतीही वस्तू ठेवू नये.'

खंडेनवमीला मी सकाळीच मशीन पुसून लख्ख केलं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तळातली गाळणी काढली, धुतली आणि गॅलरीत उन्हाला ठेवली. कुमुदनं हळदकुंकवाचं तबक आणि विडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "मशीनवर ठेवा आणि ओवाळा."

मी थबकलो. "मशीनवर ठेवता येणार नाही," मी म्हणालो.

"का?"

"पुस्तकात नको म्हणून दिलंय. चौकटीत."

"अहो, दोन पानं आणि एक सुपारी! कुकर ठेवा म्हणत नाहीये मी."

"कोणतीही वस्तू, असं दिलंय."

कुमुद माझ्याशी कधी वाद घालत नाही. ती फक्त बघते. पण मला तोडगा सापडला. यंत्रावर ठेवायला बंदी होती, यंत्रात ठेवायला नव्हती. मी दार उघडलं, खालच्या तारेच्या जाळीत विडा मांडला, त्यावर पूजेची बारकी सुपारी ठेवली, हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं, अक्षता टाकल्या आणि ओवाळलं. शास्त्र आणि पुस्तक दोघांचाही मान राहिला. संध्याकाळी विडा उचलला, झेंडू काढला, अक्षता पुसून घेतल्या, वाळलेली गाळणी जागेवर बसवली. गणपतरावांना मुद्दाम बोलावून मशीन दाखवलं. ते म्हणाले, "आता शोभतंय!" त्या रात्री मला शांत झोप लागली.

दसरा झाला. कुमुदचं ऑपरेशन झालं. ती हाताला बँडेज बांधून घरी आली आणि आमचं मशीन कुरकुरायला लागलं. पाणी बाहेर टाकायच्या वेळी आतून दात खाल्ल्यासारखा आवाज यायचा. मग कोजागिरीच्या दुधाची भांडी लावली त्या दिवशी ते नुसतंच घुंघुं करत राहिलं आणि थांबलं. दार उघडलं तर तळाशी गढूळ पाणी, त्यावर केशराच्या काड्या तरंगतायत, आणि वर लाल दिवा.

अंतराला फोन गेला. ती माझ्यासारखी नाही, तिचा निर्णय फोन वाजायच्या आत झालेला असतो. "बाबा, शनिवारी गाडी घेऊन येते. आईला घेऊन जाते पुण्याला, हात बरा होईपर्यंत. तुम्हीही चला."

"मशीन दुरुस्त होईल," मी म्हणालो.

"कोण करणार?"

फोन ठेवल्यावर कुमुद खिडकीशी बसून राहिली. दिवाळी तोंडावर आली होती. गेली कित्येक वर्षं तिची दिवाळी ह्याच स्वयंपाकघरात होते. करंज्या करता येणार नव्हत्या, तरी खुर्ची टाकून लालबींकडून आणि गणपतरावांच्या पत्नी शालूबाईंकडून करून घेण्याचा तिचा बेत होता. "मला नाही जायचं हो," ती हळूच म्हणाली. "पण रोजच्या भांड्यांचं काय?"

"भांडी मी घासतो," मी म्हणालो. बोलताना माझा आवाज जरा चढला, तो माझा मलाच आवडला.

भांडी घासणं हे वाचनासारखं एकाग्रतेचं काम आहे असं माझं मत झालं. एक पातेलं हातात घेतलं की मला दुसरं काही सुचत नसे. कुमुद चहा पिताना क्षणभर थांबायची आणि "छान आहे" म्हणायची. मला समाधान वाटायचं. एका दुपारी मी पेपर वाचता वाचता उठून स्वयंपाकघरात गेलो, तर ती मोरीशी उभी. बँडेजवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून तिला रबरबँड लावलेला, आणि डाव्या हातानं ती मी सकाळी धुतलेल्या वाट्या पुन्हा धूत होती.

"हे काय?" मी म्हणालो.

"काही नाही. जरा साबण राहिला होता."

"कशात?"

"सगळ्यातच," ती म्हणाली, आणि तिनं नळ बंद केला.

परत येऊन पेपर हातात घेतला. तो उलटा होता हे मला बऱ्याच वेळानं कळलं. माझा अपमान झाला ते एकवेळ ठीक, पण तिचा हात भिजत होता. शनिवारी अंतरानं ती पिशवी बघितली असती तर बोलायला जागाच उरली नसती.

म्हणून मशीन दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं. इथून गल्लीनं हे काम हातात घेतलं.

गणपतराव पहिले आले. मशीनसमोर उभे राहून त्यांनी प्रतिस्पर्धी मल्लाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं. "रविवारी तांबडा रस्सा केलतासा?"

"केला होता."

"बास! तेलाचा कट बसलाय आत. आपल्या रश्श्याचा कट म्हंजे सादी गोष्ट न्हाय सर. ह्या मशिनी तिकडं पाव-लोणी खानाऱ्या मानसांसाठी केलेल्या. हिला कोल्हापूर झेपत न्हाय."

"पुस्तकात असं दिलंय की," मी सुरुवात केली, "पाणी साचलं तर आधी—"

"पुस्तक ऱ्हाऊ द्या वो! धरा तिकडनं." त्यांनी मशीनला मिठी घातली आणि कुस्तीत ढाक लावतात तसं ते एका बाजूला कलतं केलं. तळातलं गढूळ पाणी दारातून बाहेर आलं आणि स्वयंपाकघरभर पसरलं. माझ्या पायातल्या सपाता तरंगायला लागल्या. गणपतरावांनी मशीन सरळ केलं, कान लावला आणि सांगितलं, "आता तेवढं जड न्हाय वाटत. फरक पडलाय." फरक एवढाच पडला होता की पाणी मशीनमध्ये होतं ते फरशीवर आलं होतं.

मी फरशी पुसत असताना लालबी आल्या. त्यांना आमच्या घरात पाणी आल्याचं त्यांच्या भिंतीवर आलेल्या ओघळांवरून कळलं होतं. "भाबी, तू उठू नकोस," असं कुमुदला बजावून त्यांनी पदर खोचला आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. त्यांचं निदान वेगळं होतं. "नजर लागलीय, दुसरं काय न्हाय. खंडेनवमीला सगळ्या गल्लीला बोलवून दाखवलंत की! दाखवायची चीज असती का ही? मिरच्या उतरून टाकते मी."

"पुस्तकात असं दिलंय—"

"पुस्तकात नजरेचं दिलंय काय?"

नजरेचं दिलेलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं. त्यांनी मिरच्या उतरवल्या. आम्हा सगळ्यांना ठसका लागला. मशीनला लागला नाही.

त्यांनीच संध्याकाळी रफिकला पाठवलं. रफिक चांगला मुलगा आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी त्याच्या हाताखाली रडत येतात आणि हसत जातात. त्यानं मशीन मागून बघितलं, पुढून बघितलं आणि हात जोडले. "चाचा, उघडायला दोन मिनिटं लागतील, पन वॉरंटी जाईल. उद्या अंतराताई मला सोडायच्या न्हाईत. तुम्ही कंपनीला फोन लावा."

"रफिक, ह्या पुस्तकात असं दिलंय—"

"कंपनीचा नंबर दिलाय ना? मग झालं की!" असं म्हणून तो गेला.

मला माझीच शंका यायला लागली. एवढी हातानं काम करणारी माणसं सांगतायत, तेव्हा बरोबरच सांगत असणार. आपण वाचलेलं असतं, म्हणजे आपल्याला येत असतं असं नाही. पोहण्यावरची पुस्तकंही मी वाचली आहेत.

मग कंपनी. फोनवर एक बाई फार गोड आवाजात बोलत होत्या. मी त्यांना नमस्कार केला, माझी ओळख सांगितली आणि मशीनचा इतिहास सांगायला घेतला, तेव्हा त्या मधेच म्हणाल्या, "मराठीसाठी तीन दाबा." त्या बाई नसून मशीनच होतं. एक मशीन बिघडलं म्हणून दुसऱ्या मशीनकडे मी गयावया करत होतो. तीन दाबल्यावर बराच वेळ सनई वाजली, लग्नातल्यासारखी, आणि मग एक खरी मुलगी बोलली. तिनं मशीनच्या दाराच्या कडेवरचा नंबर मागितला. तो इतका बारीक होता की भिंग आणावं लागलं. मी गुडघ्यावर बसून एकेक अक्षर वाचलं. शेवटी ती म्हणाली, "सर, रजिस्टर मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा."

रजिस्टर मोबाइल अंतराचा होता. मी अंतराला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. तिनं नंतर ओटीपी पाठवला तेव्हा मुलगी गेलेली होती आणि पुन्हा सनई सुरू झाली होती. ज्या वेळी मुलगी असे त्या वेळी ओटीपी नसे, आणि ओटीपी येई त्या वेळी सनई असे. अखेर ग्रहयोग जुळला आणि उद्या माणूस येईल असं आश्वासन मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून खाली दारातच खुर्ची टाकून बसलो. येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारावं, मी सांगावं, त्यानं उपाय सुचवावा, असं चाललं होतं. एकानं खायचा सोडा सांगितला, एकानं मशीन विकून टाकायला सांगितलं, आणि दूधकट्ट्यावरून ताजं दूध पिऊन परतणाऱ्या एका अनोळखी गृहस्थानं "पावणं, कुनाची वाट बघतासा?" असं विचारून स्वतःही अर्धा तास माझ्याबरोबर वाट बघितली. दुपारी अंतराच्या मोबाइलवर निरोप आला: 'आमचा प्रतिनिधी येऊन गेला. ग्राहक घरी आढळला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे.'

मी घराच्या दारात बसलो होतो. मी घरी आढळलो नव्हतो. ह्या दोन वाक्यांत मला बराच वेळ मेळ घालता येईना. मी खरोखरच असा माणूस आहे का, की जो दारात बसला तरी आढळत नाही? नोकरीतही प्राचार्य कधीकधी ग्रंथालयात येऊन "कोणी आहे का?" असं विचारत, तेव्हा मी समोरच असे.

अंतरानं कंपनीला झापलं आणि गुरुवारी ऋतुराज नावाचा तरुण आला. पाठीला बॅग, हातात मोबाइल. त्यानं दार उघडलं, मोबाइलचा उजेड पाडला, फोटो काढला, कुठंतरी पाठवला आणि मोबाइलवर उत्तर येईपर्यंत कुमुदनं दिलेला चिवडा खाल्ला.

"आजोबा, बोर्ड गेलाय," तो म्हणाला.

"बोर्ड म्हणजे?"

"म्हणजे मेंदू. मशीनचा मेंदू. नवा मागवावा लागणार."

"कधी येईल?"

"दिवाळीनंतर बघू की."

मी घसा साफ केला. उशीखालून पुस्तक आणून ठेवलेलंच होतं. "ह्यात असं दिलंय, की पाणी साचून राहिलं आणि घुंघुं आवाज आला तर आधी गाळणीखालचं पंपाचं—"

"आजोबा," ऋतुराज प्रेमानं म्हणाला, "ती पुस्तकं कोणी वाचत नसतंय. ती द्यावी लागतात म्हणून देतात."

मला ते वर्मी लागलं. ग्रंथपालाला असं म्हणायचं नसतं. एखाद्या लेखकानं कुठंतरी बसून, चित्रं काढून, चौकटी आखून, वाचणाऱ्याचं बोट कापू नये म्हणून एवढी काळजी घेतली. आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यापैकी एकानंही ते उघडायचं नाही? मला रात्रभर त्या लेखकाचं वाईट वाटत राहिलं. स्वतःसाठी मी सहसा भांडत नाही. पण त्याच्यासाठी कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

शुक्रवारी दुपारी कुमुद झोपली. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, चष्मा दोरीनं बांधला आणि पुस्तकाचं ते पान उघडून पाटावर ठेवलं. पहिली सूचना: वीज बंद करा. केली, आणि खात्रीसाठी घराचा मुख्य खटकाही पाडला. दुसरी सूचना: खालची जाळी बाहेर काढा. काढली. तिसरी: गाळणी फिरवून उचला, साचलेलं पाणी स्पंजनं टिपून घ्या. टिपलं. चौथी सूचना मी ह्याआधी इतक्या वेळा वाचली होती की पाठ झाली होती, पण तिच्यावर विश्वास ठेवायचं धैर्य झालं नव्हतं. कारण ती फारच साधी होती: 'पंपावरचे झाकण चमच्याच्या साहाय्याने उचकटा.'

चमच्याच्या! पाना नाही, पक्कड नाही, जॅक नाही. मी फळीवरून पोह्याचा चमचा घेतला.

झाकण आत खोल होतं. नीट दिसावं म्हणून मी फरशीवर आडवा झालो आणि डोकं आत घातलं. खांद्यापर्यंत आत गेलो. आत केशराचा आणि थोडा रश्श्याचा वास येत होता. चमचा फटीत घातला, दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. टक्! झाकण हातात आलं. माझ्या हातून एखाद्या गोष्टीचा असा 'टक्' आवाज, म्हणजे ती व्हायला हवी तशीच झाल्याचा आवाज, ह्यापूर्वी मी कधी ऐकला नव्हता. मी बोट खाली घातलं. छोटं पातं लागलं. ते हलेना. त्याच्या शेजारी काहीतरी गोल, बुळबुळीत, टणक अडकून बसलं होतं. मी ते दोन बोटांत धरलं.

त्याच क्षणी मागून किंकाळी आली. "या अल्ला! सर पडले!"

लालबी खिरीची वाटी घेऊन आल्या होत्या. वीज नाही म्हणून घंटी वाजली नाही, म्हणून त्या आत आल्या, आणि दार ढकलून बघतात तर सरांचं डोकं मशीनमध्ये आणि पाय फरशीवर पसरलेले. मी आतून "मी बरा आहे" असं ओरडलो, पण मशीनमध्ये आवाज असा घुमला की तो शेवटचा वाटावा. पुढच्या क्षणी जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि गणपतरावांनी माझे दोन्ही घोटे पकडले.

"सोडा!" मी ओरडलो. "सापडलंय!"

"घाबरू नगा सर, मी हाय की!" असं म्हणत त्यांनी एका झटक्यात मला बाहेर ओढलं. मी फरशीवरून घसरत थेट कपाटापर्यंत गेलो. चष्मा मानेत, शर्ट गळ्याशी, डोक्याला केशर. कुमुद दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडलेला.

मी मूठ उघडली.

तळहातावर एक सुपारी होती. भिजून फुगलेली, धुऊन धुऊन गोरी झालेली, पण सुपारीच. कुमुदनं सुपारीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला खंडेनवमी आठवली. गॅलरीत वाळणारी गाळणी आठवली, उघडं राहिलेलं तळातलं भोक आठवलं. विडा मी उचलला होता. सुपारी उचलल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

"यंत्रावर ठेवायची नव्हती ना," कुमुद म्हणाली. एवढंच.

गणपतरावांना सगळा उलगडा व्हायला जरा वेळ लागला. मग ते म्हणाले, "म्हंजे सर, बिघडिवलं बी तुमीच, आनि दुरुस्त बी तुमीच केलं?"

ह्या प्रश्नावर एरवी मी मान खाली घातली असती. पण मी फरशीवर बसलो होतो, ओला होतो, हातात चमचा होता. आणि मला खाली बघावंसंच वाटेना. "हो," मी म्हणालो. "दोन्ही मीच." आयुष्यात एखादं काम मी असं मुळापासून शेवटपर्यंत कधी केलेलं नव्हतं.

"आदी चालतंय काय बघा की," लालबी म्हणाल्या.

पातं बोटानं फिरवून बघितलं, भिंगरीसारखं फिरलं. झाकण दाबलं, टक्. गाळणी बसवली. खटका वर केला. बटण दाबताना मी डोळे मिटले होते. आधी काही नाही. मग पाणी आत आल्याचा आवाज, मग आत कोणीतरी दमदार चुळा भरतंय असा आवाज, आणि मग मोरीच्या नळीतून गढूळ पाण्याची धार भळभळ बाहेर पडली. गणपतरावांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुन्हा कपाटाशी गेलो. "नाद करायचा न्हाय सरांचा!" ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. गल्लीला ऐकू गेलं. त्या संध्याकाळी सोडा सुचवणारे गृहस्थसुद्धा येऊन सुपारी बघून गेले.

शनिवारी अंतरा आली. तिनं स्वतः मशीन लावून बघितलं, कान देऊन ऐकलं, मग पुस्तकातलं ते पान वाचलं. "बाबा, तुम्ही एकट्यानं केलंत हे?"

"चमच्यानं," मी म्हणालो.

ती हसली, पण मी मात्र कुमुदकडे बघत होतो. कुमुद मशीनपाशी गेली. डाव्या हातानं तिनं आतून एक ताट काढलं. उजेडात धरलं, तिरकं करून बघितलं, बोट फिरवलं. मशीन आल्यापासून आतलं प्रत्येक ताट ती नळाखाली धरूनच वाढायला घेत असे, हे मला माहीत होतं. ती नळाकडे गेली नाही. तिनं ते ताट तसंच माझ्यासमोर मांडलं आणि भात वाढला.

दिवाळी मंगळवार पेठेतच झाली. कुमुद खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, लालबी आणि शालूबाई करंज्या मुरडत होत्या, आणि झारे, पराती, तेलकट कढया मी मशीनला लावत होतो. अंतरा रिकामी गाडी घेऊन गेली होती. रिकामी म्हणजे अगदी रिकामी नाही, दोन डबे चकल्या गेल्या.

त्यानंतर गल्लीत एक बदल झाला. लोक बिघडलेली यंत्रं माझ्याकडे आणत नाहीत, तेवढी अजून त्यांची मती फिरलेली नाही. पण त्यांच्याबरोबर आलेली पुस्तकं आणतात. रफिक दर आठवड्याला एखादं घेऊन येतो आणि चहा पीत ऐकतो. गणपतरावांनी परवा गीझरचं पुस्तक आणलं आणि पोरांना दम दिला, "गप बसा, सरांना वाचू द्या!"

यंदाच्या खंडेनवमीला मी पाट मांडला. पेन, सुरी, चष्मा, आणि त्यांच्या पुढे, मधोमध, पोह्याचा चमचा. गणपतराव डोकावले. मी मुद्दामच त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यांनी पाट नीट न्याहाळला, चप्पल बाहेर काढली, आत आले, आणि करेलांना करतात तसा चमच्याला हात लावून नमस्कार केला.

कुमुदचा हात आता पूर्ण बरा आहे. तिनं त्याच हातानं चमच्याला कुंकू लावलं, मग विडा आणि सुपारी उचलली आणि मशीनसमोर उभी राहिली. "कुठं ठेवू?"

"वर," मी म्हणालो.

"पुस्तकात नको म्हणून दिलंय ना? चौकटीत?"

"दिलंय," मी म्हणालो. "पण त्या लेखकाला खंडेनवमी माहीत नव्हती. ठेव."